पाणी वरून, हाक खालून

यवतमाळकडे निघताना मी सामानात चांगले दोन पायली तांदूळ बांधून घेतले होते. हसायचं असेल तर हसा. पेणकडच्या बाईला दोन दिवस भात मिळाला नाही तर तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. माझी धाकटी बहीण मथू तिकडे मुकुटबनच्या अलीकडच्या एका खेड्यात राहते. तिचे यजमान तिथल्या शाळेत गुरुजी आहेत. लग्न झाल्यापासून तिची पत्रं येत होती, "ताई, इकडे जेवण म्हणजे भाकरी. भात सणाला." ते वाचून मला दर वेळी भडभडून यायचं. नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, विदर्भ आपल्याच राज्यात आला होता, तेव्हा एकदा बहिणीचा संसार पाहून यावा आणि तिला पोटभर भात रांधून घालावा असं ठरवून मी नवरात्रात निघाले. पण त्या तांदळाची पुरचुंडी तिथे पोचल्यावर मला लपवावीशी वाटली. ती का, तेच सांगायला बसले आहे.

केळापूरच्या पुढे

आगगाडीचं आणि यवतमाळपर्यंतच्या धुळीचं वर्णन करत नाही. धूळ सगळीकडे सारखीच. पांढरकवडा सोडल्यावर केळापूरच्या देवीला जाणारी माणसं उतरली, मोटार निम्मी रिकामी झाली आणि जराशी पुढे जाऊन जी थांबली ती थांबलीच. ड्रायव्हरने टोपण उघडलं, आत डोकावला, पुन्हा लावलं आणि बिडी पेटवली. म्हणजे त्याचं काम संपलं. एका सायकलवाल्याबरोबर निरोप गेला आणि बऱ्याच वेळाने रशीद मिस्त्री म्हणून एक गृहस्थ हत्यारांची पेटी सायकलला बांधून आले. दाढी पांढरी, हात कोपरापर्यंत काळे.

"फिकर नका करू, बाई," ते मला म्हणाले. "पट्टा गेला हाये. आत्ता बसवतो."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर कापूस होता. आमच्याकडे समुद्र पाहायला येणारी माणसं गप्प होतात तशी मी गप्प झाले. इतकी काळी जमीन मी जन्मात पाहिली नव्हती. वाटलं, यात काडी खोचली तरी झाड होईल. मी मिस्त्रींना विचारलं, "इथे सगळा कापूसच का हो?"

"इथं कापूस, ज्वारी, तूर. धान पाह्यचं असन तर तुम्ही चालल्या तिकडंच पाहा. तलावाखाली हाये थोडं थोडं." त्यांनी पट्टा ताणून बसवला. "लवकर पाहून घ्या मात्र. माझ्या लहानपणी हाट भरे धानाचा. आता त्या जमिनी बी पऱ्हाटीकडं चालल्या. पैसा हाये ना त्यात."

पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड, हे मला तेव्हाच कळलं. पण इथे भात पिकतो, ही बातमी त्याहून मोठी होती. मोटार सुरू झाली तेव्हा मी मिस्त्रींना इतक्या प्रेमाने नमस्कार केला की त्यांना वाटलं असेल, बाईला पट्ट्याचं फारच कौतुक दिसतंय.

तलावाखालच्या पायऱ्या

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी मला तलावावर घेऊन गेले. तलाव गोंड राजाच्या वेळचा म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही, पण ती मातीची पाळ बांधणारा माणूस राजा नसला तरी राजाच्या मनाचा असला पाहिजे. पाळीवर मोहाची आणि जांभळीची झाडं, त्यांच्या मुळांनी माती धरलेली. मी पाळीवर चढले आणि पलीकडे पाहिलं, आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

खाली भात होता. कापसाच्या त्या काळ्या-हिरव्या पसाऱ्यात, उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली शेतं, घाटाच्या पायऱ्यांसारखी. भात नुकता निसवला होता. लोंब्या अजून वाकायच्या होत्या, दाण्यांत दूध भरत होतं, आणि वारा आला की वरच्या शेतापासून खालच्यापर्यंत सगळं पीक हलायचं. पेणहून इतक्या लांब आलेल्या मला वाटलं, माझं माहेर कुणीतरी आधीच इथे आणून ठेवलंय.

"याला बांधी म्हणतात," गुरुजी म्हणाले. "आणि भाताला धान. तुमच्यासारखं इथे पाण्याला बाहेर नाही काढावं लागत, ताई. इथे बोलवावं लागतं."

ते अगदी बरोबर होतं. आमच्या खारेपाटात सगळी मारामारी पाणी बाहेर ठेवायची. खाडीचं पाणी आत शिरलं की शेत गेलं. म्हणून उघाड्या, म्हणजे बांधातल्या झडपांच्या मोऱ्या, म्हणून बांध, म्हणून रात्रीच्या राखणी. इथे उलटं. पावसाळा संपता संपता भाताला एक शेवटचं पाणी लागतं आणि ते या तलावातून येतं. बरं, त्याला पाट नाही, नाला नाही. तलावाच्या पाळीला दगडी मोरी आहे, ती उघडली की पाणी पहिल्या बांधीत जातं. ती भरली की धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दुसरीत. तिथून तिसरीत. असं करत सगळ्यांत खालच्या बांधीपर्यंत. माझं पाणी तुझ्या शेतातून, तुझं त्याच्या शेतातून. आमच्याकडे अशी व्यवस्था असती तर कोर्टातले वकील गबर झाले असते.

"मग वरच्याने पाणी अडवलं तर?" मी विचारलं.

"नाही अडवत. मोरीचं तोंड वरच्या बांधीवाल्याच्या हातात, पण बंद केव्हा करायचं ते सांगतो सगळ्यांत खालचा. त्याची बांधी भिजली की तो 'पुरलं' म्हणून हाक देतो. ती हाक एकेका बांधीवाल्याने वर पोचवायची. ती ऐकल्याशिवाय तोंड बुजवायचं नाही. पाणी वरून, हाक खालून, असं म्हणतात इथे."

मी हरखून ऐकत होते. मग माझं लक्ष सगळ्यांत वरच्या बांधीकडे गेलं. तिथे भात नव्हता. खांद्याएवढी उंच पऱ्हाटी उभी होती.

"ती किसनरावांची," गुरुजी जरा हळू म्हणाले. "यंदा पहिल्यांदा बांधीत कापूस लावला त्यांनी. आणि यंदाच हस्ताच्या पावसाने पाठ फिरवली. शेवटचं पाणी सोडल्याशिवाय गत्यंतर नाही."

कापसाला पाणी साचलेलं चालत नाही, एवढं मलाही माहीत होतं. मी गुरुजींकडे पाहिलं. त्यांनी तलावाकडे पाहिलं.

सीतादही

किसनराव खलनायक असेल असं वाटून मी त्याच्या घरी गेले आणि पहिल्या घोटाला चहा गोड लागला तिथेच माझा रुसवा गेला. पस्तिशीचा, हसरा, कानात बिगबाळी नाही पण मिशांत तोच डौल. पहिली बोंडं फुटली होती आणि वेचणीच्या आधी शेतात सीतादही करायचं होतं. हा इकडचा रिवाज मला फार आवडला. कापूस वेचायला सुरुवात करायच्या आधी शेतातल्या एका झाडाशी पूजा मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, झाडांवर दही शिंपडतात आणि मगच पहिलं बोंड तोडतात. पांढऱ्या पिकाला पांढरा नैवेद्य.

गंमत अशी की, त्यासाठी किसनरावची बायको वच्छला सकाळीच मथूकडे वाटीभर तांदूळ मागायला आली होती. दर वर्षी घरच्या बांधीचा तांदूळ असायचा. यंदा जुना संपला आणि नवा लावलाच नव्हता. तेव्हा माझ्या पेणच्या तांदळाला सीतादह्याचा मान मिळाला. माझ्या मनात आलं, कापसाच्या देवीला भात लागतो आणि कापसाने भाताचीच बांधी गिळली, देवीला आता दर वर्षी पेणहून तांदूळ मागवावे लागणार.

पूजा झाल्यावर किसनरावने मला पिकात फिरवलं. पीक खरोखर बघण्यासारखं होतं. जमीन पिढ्यान् पिढ्या तलावाचा गाळ खाल्लेली, कापसाला पहिल्यांदाच मिळालेली. झाडं हिरव्या बोंडांनी वाकली होती. तो एकेका बोंडाला तळव्यावर घेऊन दाखवत होता, बारशाला पोर दाखवावं तसं.

"धान खाल्लं का सपलं, बाई," तो म्हणाला. "कापूस बाजारात जाते. बैलजोडी म्हातारी झाली, विहीर अर्धी राह्यली. धानावर काय होते? आन मी एकटा थोडाच? माह्या खालचे दोघं बी पुढच्या साली पऱ्हाटीच लावतो म्हणून राह्यले."

"मग भात कुणी लावायचा?" मी विचारलं. "सगळ्यांनी असंच केलं तर पुढे तांदूळ येणार कुठून? वर्तमानपत्रात रोज येतं, धान्य बोटीने आणतात म्हणून."

"तुमच्याकडून येईन ना," तो हसून म्हणाला.

आमच्याकडच्या खाडीकाठच्या जमिनी कारखान्यांसाठी मोजायला माणसं साखळ्या घेऊन फिरताहेत, हे मी त्याला सांगितलं. तो हसायचा थांबला. असं आहे, प्रत्येकाला वाटतं भात पलीकडच्या गावचा माणूस लावील.

मी पाण्याचं विचारलं. त्याने धुऱ्याच्या कडेने नांगराचं एक तास, म्हणजे एक सरी, मोकळं सोडलं होतं, ते दाखवलं. "पाणी इथून निंघून जाईन खाली. पऱ्हाटीले शिवणार बी नाही. मी इचार केलाय."

पंचफुलाबाईचं धान

सगळ्यांत खालची बांधी पंचफुलाबाईची. साठीची असेल, काटकुळी, नऊवारी पांढरी, आवाज मात्र पाळीपलीकडे जाईल असा. घरात शिरताच समोर भिंतीवर बुद्धाची तसबीर. ती आणि तिचे यजमान छप्पन सालच्या त्या दसऱ्याला नागपूरला जाऊन धम्म घेऊन आले होते. पुढे यजमान वारले, मुलगा चांद्याला खाणीत लागला, आणि बांधी बाई एकटी कसते. मथूला ती "जय भीम, बाई" म्हणाली आणि मला नीट निरखून म्हणाली, "ह्या का भातवाल्या बाई? बसा. गोळाभात केला हाय."

मथूने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असावं की ताई जेवते की नाही. पण भाताच्या वासापुढे माझ्या डोक्यात दुसरा विचार टिकतच नाही. मी पाट ओढून बसले.

गोळाभात म्हणजे बेसनाचे तिखट गोळे भाताबरोबरच वाफवायचे आणि वरून कडकडीत तेलाची लसणाची फोडणी. छान लागतोच. पण माझं सगळं लक्ष भाताकडे होतं. दाणा बारीक, किंचित पिवळसर, आणि वास असा की, मला माझ्या आजोळच्या देवघराची आठवण आली. आमच्याकडचा रता तांदूळ खाऊन वाढलेली मी, तांदळाच्या बाबतीत कुणाला सहजासहजी मोठेपणा देत नाही. इथे दिला. माझी पुरचुंडी लपवावीशी वाटली ती याच क्षणी.

"काय नाव या तांदळाचं?"

"नाव कायले पाह्यजे? आपलं धान." तिने आणखी एक वाढण घातलं. "माह्या सासूच्या सासूपासून हाय. आसपास कोणाकडं बी नाही राह्यलं आता. कोणाले बियाणं लागलं का माह्याकडं येते. पण दरसाल नवं ठेवा लागते, बाई. जुनं बी उगवत नाही. एक साल चुकलं का गेलं."

मी तिला विचारलं, सगळ्यांत खालची बांधी म्हणून कधी पाणी कमी नाही मिळालं?

"गावची विहीर आमाले नव्हती, पर तलावाचं पाणी येत होतं. वरच्या साऱ्या जातींच्या बांध्यांतून येत होतं. चिखलाले शिवाशीव नाही लागत." ती हसली. "धम्म घेतल्यावर गावकीची कामं सोडली आमी. दोन साल गाव बोललं नाही आमच्यासंगं. पर माही हाक कोणी मोडली नाही. मी 'पुरलं' म्हणल्याशिवाय पाणी बंद नाही झालं."

जिथे माणसाला पाण्याला हात लावू देत नव्हते, तिथे पाणी थांबवायचा हुकूम मात्र तिच्या तोंडी होता. कुणी ठरवलं असेल हे? त्या तलाव बांधणाऱ्यानेच, असं मला वाटतं.

शेवटचं पाणी

मोरी उघडली तेव्हा सगळं गाव पाळीवर होतं. गुरुजींनी शाळेला सुट्टी दिली होती. दगडाखालून पाणी आधी बोटभर आलं, मग मनगटाएवढं, आणि मग एकदम घसाघसा आवाज करत किसनरावच्या बांधीत शिरलं. त्याने सोडलेल्या तासातून ते थोडंसं धावलं आणि सगळ्यांनी "शाब्बास" म्हटलं. मी पंचफुलाबाईबरोबर खाली तिच्या बांधीवर जायला निघाले, म्हणून वरचं पुढचं मला तेव्हा दिसलं नाही.

खाली पोचून आम्ही बसलो. तिची बांधी तहानलेली होती. जमिनीला भेगा, त्यात माझी तीन बोटं जात होती, आणि वर भाताच्या लोंब्या, निम्म्या दुधाच्या. आठवड्यात पाणी मिळालं नाही तर सगळं पोचट, असं ती साध्या आवाजात म्हणाली.

पाणी यायला फार उशीर लागला. इतका की, वरच्या बांधीवाल्यांची पोरं धावत खाली-वर करू लागली आणि त्यांच्या तोंडून कळलं ते असं. पाणी तासात राहिलंच नाही. कसं राहणार? बांधी ती. पिढ्यान् पिढ्या फावड्याने चोपून, पाण्याने मोजून, कुठे वीतभर उंच-सखल न ठेवता सपाट केलेली. त्या जमिनीवर पाणी वाहत नाही, पसरतं. पसरावं म्हणूनच तर ती बनवली होती. ही चूक कोकणात आलेल्या बिनभाती माणसाकडून झाली असती तर मी नाक मुरडलं असतं, पण बांधी स्वतः सपाट करत मोठा झालेला किसनरावच हे विसरला होता. पाणी सगळ्या पऱ्हाटीच्या मुळांशी जाऊन निवांत उभं राहिलं आणि बांधी भरल्यावरच दुसरीत उतरलं.

"तो तोंड बुजवील," मी म्हणाले.

"नाही बुजवणार," पंचफुलाबाई म्हणाली. "हाक गेल्याबिगर नाही."

तिथून वरचं शेत स्पष्ट दिसत होतं. पऱ्हाटीत घोटाभर पाण्यात किसनराव उभा होता. हातात फावडं होतं. तोंड बुजवायला त्याला चार फावडी माती पुरली असती आणि त्या दिवशी त्याला कुणी नावं ठेवली नसती. तो उभाच राहिला. माझ्याच्याने त्याच्याकडे पाहवेना.

आणि मग पाणी आलं. मी भातशेतीत जन्मलेली बाई, पण पाणी असं येताना मी कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे ते आभाळातून धो धो पडतं, त्याचं काय कौतुक? इथे ते एक चकचकीत जीभ काढून धुऱ्यावरून उतरलं, पहिल्या भेगेत शिरलं आणि भेगेने ते प्यायल्याचा आवाज आला. खरोखरीचा आवाज, घशातला. खेकडे बिळांतून बाहेर आले. कुठून कोण जाणे, बगळे उतरले. भाताच्या बुडाशी बुडबुडे येऊ लागले आणि ओल्या मातीचा असा वास सुटला की, मी चपला काढून आत उतरले आणि लहान पोरीसारखी उभी राहिले. पंचफुलाबाई माझ्याकडे पाहून हसत होती.

पाणी बांधीच्या निम्म्यापर्यंत आलं. सूर्य पाळीवर टेकला होता. तिने एकदा आपल्या कोरड्या निम्म्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं. मग धुऱ्यावर चढली, तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि हाक मारली.

"पुरलंऽ होऽ! पुरलंऽ!"

वरच्या बांधीवाल्याने ती उचलली, त्याच्या वरच्याने त्याच्याकडून घेतली. हाक बांधी बांधी चढत वर गेली. किसनरावने फावडं मारलं, आणि पाणी थांबलं.

मी तशीच चिखलात उभी होते. "अहो पंचफुलाबाई, निम्मं शेत कोरडं आहे!"

"डोळे हायेत मले."

"मग काहून?" त्यांचाच शब्द माझ्या तोंडून गेला.

ती धुऱ्यावर बसली. "अर्ध्यात बियाणं निघते, बाई. बियापुरतं झालं मले. त्याची पऱ्हाटी रातभर पाण्यात राह्यली तं सारी जाईन. मंग पुढच्या साली हाक देईन मी, आन आयकाले कोणी नाही राहणार. तोंडच बुजवून टाकन तो. तवा बियाणं ठेवून काय करू, माळ करू गळ्यात?"

भाताची इतकी पुढची काळजी कुणी केलेली मी पाहिली नाही, ना आमच्याकडे, ना वर्तमानपत्रात.

रीत अशी की तोंड बुजवल्यावर वरच्याने धुरे तपासत खालपर्यंत यायचं. अंधार पडायच्या आधी किसनराव आला, मांडीपर्यंत चिखलाने भरलेला. पाणी जिथे संपलं होतं त्या रेषेवर थांबला. पायाने कोरडी माती उकरली.

"माय, हाक तूच देल्ली?"

"मीच देल्ली."

"हे तं कोरडं हाय."

"मले पुरलं," पंचफुलाबाई म्हणाली. "तू जाय घरी. पाय धू."

त्याने फावडं खांद्यावर घेतलं. पुन्हा वर चढत गेला. घरी मथूने पानावर भात वाढला तो मला गिळवेना, आणि ही माझ्या आयुष्यातली पहिलीच वेळ.

निघायच्या दिवशी

सकाळी माझं गाठोडं बैलगाडीत चढलं. गाडीची वाट पाळीखालून, किसनरावच्या बांधीवरून जाते. लांबूनच मला दिसलं की, तो आणि वच्छला शेतात वाकलेत. वाटलं, बुडालेली झाडं सरळ करताहेत. जवळ गेल्यावर गुरुजींनी गाडी थांबवली आणि मी, मथू आणि ते खाली उतरलो.

ती दोघं उभी पऱ्हाटी उपटत होती. धुऱ्याच्या कडेच्या ओळी, वरपासून खालपर्यंत. हिरव्या बोंडांनी लगडलेली, पाणी रात्रीत जिरल्यामुळे जगलेली, चांगली झाडं. किसनराव बुडाशी धरून झटका द्यायचा आणि बाजूला टाकायचा, वच्छला मागून फावड्याने चर खणत होती. त्याच्या हिशोबात ती बैलजोडी असेल, विहिरीची कड असेल. कास्तकार स्वतःच्या हाताने उभं पीक उपटतो हे पाहायची सवय माझ्या डोळ्यांना नाही. मला तिथून हलता येईना.

"किसनराव, हे काय?"

त्याने पाठ सरळ केली. "पाट काढून राह्यलो, बाई. खोल केला तं पाणी पसरणार नाही." हातातलं झाड ढिगावर टाकून म्हणाला, "पऱ्हाटी मी लावणारच. पुढच्या साली बी. खोटं कायले बोलू? पर पाणी खाली गेलं पाह्यजे. तिनं मले वाचवलं का फसवलं, मले तं समजूनच नाही राह्यलं."

गाडीवान मोटार चुकेल म्हणून कुरकुरत होता. चुकू दे म्हटलं. गुरुजींनी टोपी काढून ठेवली आणि फावडं घेतलं. माझं वय विसरून मीही ढेकळं उचलली. दुपार कलता कलता चर खालच्या धुऱ्याला भिडला, मोरी पुन्हा हातभर उघडली, आणि या वेळी पाणी चरातून कसं गेलं म्हणून सांगू! कुठे रेंगाळलं नाही, पऱ्हाटीकडे वळून पाहिलं नाही. तासाभरात ते पंचफुलाबाईच्या कोरड्या अर्ध्यात उतरलेलं आम्हाला वरून दिसलं. वच्छलेने पदराने तोंड पुसलं की डोळे, ते मला कळलं नाही.

पंचफुलाबाई वर आली ती टोपली घेऊन. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. आभार मानेल, किंवा रडेल, निदान किसनरावच्या डोक्यावरून हात फिरवील. तिने तसलं काही केलं नाही. उपटलेल्या झाडांचा ढीग पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या आणि वच्छलेला म्हणाली, "फेकून देता काय वं? छपरावर उन्हात टाकल्यावर फुटतात हे. कवडी कापूस निघन, हलका निघन. पर निघन."

आणि ती खाली बसली, एक झाड मांडीवर ओढलं आणि हिरवी बोंडं एकेक तोडून टोपलीत टाकू लागली. खाली तिच्या धानाला पाणी भरत होतं, आणि ती इथे किसनरावचा कापूस वेचत बसली होती.